अमेरिकेत एमएस, मिरजेतलं घर आणि हप्त्याचं गणित

ज्यांना हा भाग ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा प्रवासात रेंज गेली, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'अ‍ॅक्च्युअली' जरा कमी केलेत, बाकी तसंच ठेवलंय.

आजचा विषय तुम्हीच दिलेला आहे. गेल्या दोन महिन्यांत आलेल्या व्हॉइस नोट्समध्ये एकच प्रश्न वेगवेगळ्या आवाजात आहे: "दादा, इन्फर्मेशन सिस्टिम्समध्ये एमएस करायचंय. अर्ज कसा करू आणि पैसे कुठून आणू?" माझ्या मते यात 'आणि'च्या आधीचा भाग सोपा आहे.

नवीन ऐकणाऱ्यांसाठी माझी कुंडली. २०१९ ला बीटेक, तीन वर्षं पुण्यात सर्व्हिस कंपनीत नोकरी, ऑगस्ट २०२२ मध्ये टेक्सास, मे २०२४ मध्ये डिग्री, मग डॅलसमध्ये नोकरी. सप्टेंबर २०२५ मध्ये ले-ऑफ. डिसेंबरपासून परत पुण्यात, आता इथेच नोकरी. हे शेवटचं मी आधीच सांगून टाकतो, कारण यूट्यूबवर या विषयाचे बहुतेक व्हिडिओ विमानतळावरच्या फोटोवर संपतात. हप्ता त्या फोटोनंतर सुरू होतो.

आधी पटकन, हा कोर्स आहे काय? कॉम्प्युटर सायन्सवाला विचारतो, सॉफ्टवेअर कसं बनवायचं. इन्फर्मेशन सिस्टिम्सवाला विचारतो, बनवलेलं सॉफ्टवेअर माणसं वापरतात का, आणि धंद्याला त्याचा उपयोग होतो का. डेटाबेस, सिस्टिम अ‍ॅनालिसिस, ईआरपी, प्रोजेक्ट मॅनेजमेंट, थोडी सिक्युरिटी, बरंच अ‍ॅनालिटिक्स. विषय नवा नाही. मिनेसोटा विद्यापीठात गॉर्डन डेव्हिस यांनी १९६०च्या दशकातच तो सुरू केला, आणि अ‍ॅरिझोना विद्यापीठात त्याचा विभाग १९७४ पासून आहे. काही ठिकाणी हा कोर्स बिझनेस स्कूलमध्ये असतो, काही ठिकाणी इंजिनिअरिंगमध्ये, आणि कार्नेगी मेलनला तर पब्लिक पॉलिसीवाल्या हाइन्झ कॉलेजमध्ये आहे. नावंही वेगळी: एमआयएस, एमएसआयएस, आयटीएम. त्यामुळे नावावर जाऊ नका, विषयांची यादी उघडून वाचा.

एक गोष्ट मात्र नावापेक्षा महत्त्वाची. अमेरिकेत प्रत्येक डिग्रीला एक सरकारी कोड असतो, त्याला सीआयपी कोड म्हणतात. तो कोड स्टेमच्या यादीत असेल तर शिक्षणानंतर १२ महिने अधिक २४ महिने, म्हणजे एकूण तीन वर्षं काम करता येतं. नसेल तर फक्त १२ महिने. एमआयएसची अडचण अशी की काही विद्यापीठं हाच कोर्स मॅनेजमेंटच्या कोडखाली टाकतात आणि तो कोड स्टेममध्ये नसतो. नाव तेच, विषय तेच, पण दोन वर्षांचा फरक! अर्ज करण्याआधी विद्यापीठाला साधा ईमेल टाका: तुमच्या प्रोग्रॅमचा सीआयपी कोड काय, आणि तो स्टेम आहे का. नंतर येणाऱ्या आय-ट्वेंटीवरही तो छापलेला असतो, पण तोपर्यंत अर्जाची फी गेलेली असते.

आता पैसे. सगळे सांगतात, आधी विद्यापीठांची यादी करा, अ‍ॅडमिट येऊ द्या, मग लोनचं बघू. मीही तसंच केलं. पाच अर्ज केले, दोन नकार आले, तीन अ‍ॅडमिट. त्यातला एक मोठ्या नावाच्या खासगी विद्यापीठाचा. आईने शेजारीपाजारी पेढे वाटले. त्या विद्यापीठाचा दोन वर्षांचा खर्च, राहण्याखाण्यासह, दीड लाख डॉलर होता. तेव्हा डॉलर ८० च्या आसपास. म्हणजे १ कोटी २० लाख. पेढे वाटून झाल्यावर मी हा गुणाकार केला.

मग बाबा म्हणाले, "घर आहे ना आपलं. बँकेला देऊ."

इथे जरा थांबतो, कारण हा प्रसंग तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरी होणार आहे. मिरजेतलं आमचं घर आजोबांनी बांधलेलं. सरकारी बँकेत गेलो. बँकेने कागद मागितले: मिळकत पत्रिका, मंजूर नकाशा, घरपट्टीची पावती, आणि त्यांच्या पॅनेलवरच्या वकिलाचा सर्च रिपोर्ट. मग बँकेचा व्हॅल्युअर येणार. मिळकत पत्रिका काढली तर त्यावर अजून आजोबांचंच नाव. ते २००९ मध्ये गेले. तेरा वर्षांत कुणी वारस नोंद लावलीच नव्हती. का लावायची? सगळे एकत्र होते, भांडण नव्हतं, घर कुठे पळून जाणार होतं?

वकील म्हणाले, आधी वारस नोंद करा. वारस दोन: माझे बाबा आणि माझी आत्या. मग आत्याचं हक्कसोड पत्र रजिस्टर करून आणा. नाहीतर तिने जामीनदार म्हणून गहाणाच्या कागदांवर सही करायची. वडिलांनी स्वतः कमावलेल्या मिळकतीत मुलगी १९५६च्या कायद्यापासून वारस आहे. त्यामुळे हा बँकेचा चावटपणा नव्हता, बँक बरोबर होती. चूक असलीच तर तेरा वर्षं झोपलेल्या आमची.

बाबांना वाटत होतं, एका फोनचं काम आहे. आत्या जयसिंगपूरला असते. माझ्या बारावीच्या क्लासची अर्धी फी तिनेच भरली होती. विचारलं असतं तर दुसऱ्या दिवशी एसटीने येऊन सही करून गेली असती. आणि मला नेमकी तीच अडचण वाटत होती. 'नाही' म्हणू शकेल अशा माणसाकडे मागणं वेगळं. जिला नाही म्हणताच येणार नाही तिच्याकडे मागणं म्हणजे मागणं नव्हे, घेणं. मी अमेरिकेला जाणार म्हणून तिने माहेरच्या घरावरचा हक्क सोडायचा, किंवा माझा हप्ता थकला तर तिचाही वाटा लिलावात जाणार, हे मला पचेना. घरात दोन दिवस अबोला होता. बाबांचं म्हणणं, "बहिणीशी कसला हिशोब करतोस?" माझं म्हणणं, हिशोब मी करत नाहीये, बँक करतेय.

शेवटी मी एक कागद घेतला आणि सगळं गणित उलटं मांडलं. पदवी कितीला पडेल हे बाजूला ठेवलं. अमेरिकेत काहीच जमलं नाही आणि पुण्यात परत यावं लागलं, तर पुण्याच्या पगारातून मी महिना किती भरू शकतो? तेव्हाचा अनुभव धरून हातात ७५ हजार येतील असा अंदाज केला. त्यातले जास्तीत जास्त ३५ ते ४० हजार हप्त्याला. बाबा पुढच्याच वर्षी जिल्हा परिषदेतून निवृत्त होणार होते, त्यामुळे त्यांचं पेन्शन मी शून्य धरलं.

आता तुम्ही हे पाठ करून ठेवा: साडेअकरा टक्के व्याज आणि दहा वर्षांची मुदत असेल, तर प्रत्येक एक लाखामागे महिन्याला सुमारे १,४०६ रुपये हप्ता बसतो. बस, एवढा एक आकडा. खासगी विद्यापीठासाठी बचत वजा जाता सुमारे १ कोटी १० लाख कर्ज लागलं असतं. म्हणजे महिना दीड लाखाच्या वर. पुण्याच्या ७५ हजारांतून दीड लाख! ३८ हजारांच्या आत हप्ता बसवायचा तर कर्ज २६-२७ लाखांच्या पुढे जाऊन चालणार नव्हतं. पेढ्यांचा विषय तिथे संपला.

उरलेल्या दोन अ‍ॅडमिटपैकी एक टेक्सासमधलं सरकारी विद्यापीठ होतं. तिथला एक नियम मला एका सीनियरने सांगितला आणि त्याचे उपकार मी विसरणार नाही. अमेरिकेत सरकारी विद्यापीठांची फी दोन दरांची असते: राज्यातल्या रहिवाशांना कमी, बाहेरच्यांना जास्त. टेक्सासचा कायदा म्हणतो, की बाहेरच्या विद्यार्थ्याला स्पर्धेतून किमान १,००० डॉलरची शिष्यवृत्ती मिळाली तर त्याला रहिवाशाचा दर लागू होऊ शकतो. शिष्यवृत्ती दिसायला हजार डॉलरची, पण माझ्या बाबतीत फी जवळजवळ निम्म्यावर आली. या जागा मर्यादित असतात, लवकर अर्ज करणाऱ्यांचा विचार आधी होतो, आणि ग्रेड टिकवावे लागतात. मी डिसेंबरमध्ये अर्ज केला होता म्हणून सुटलो. फेब्रुवारीत केला असता तर आज हा भाग वेगळा झाला असता.

तर एकूण खर्च आला ६० हजार डॉलर. ८० च्या दराने ४८ लाख. माझी बचत ८ लाख. विनातारण कर्ज एका एनबीएफसीकडून ४० लाखांचं मंजूर करून घेतलं, पण उचललं २६ लाख. बाकीचे कँपसवरची नोकरी आणि उन्हाळ्यातली इंटर्नशिप यातून आले. हे बाकीचे आधी धरून चालू नका हं. मंजुरी पूर्ण खर्चाची घ्या, उचला कमी. एफ-वन व्हिसावर सेमिस्टर चालू असताना कँपसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं. मला पहिल्या सेमिस्टरला काहीच मिळालं नाही, दुसऱ्यापासून लायब्ररीच्या काउंटरवर तासाला १२ डॉलर. भाडं आणि किराणा निघत होता, फी नाही. आणि टीए, आरए मिळेल या आशेवर जाणाऱ्यांना सांगतो: अशा व्यावसायिक मास्टर्समध्ये त्या जागा बहुतेक पीएचडीवाल्यांकडे जातात.

घर तारण ठेवलं असतं तर सरकारी बँकेचा दर दहा टक्क्यांच्या आसपास होता. लाखामागे १,३२२ रुपये. म्हणजे २६ लाखांवर महिना २,१८४ रुपयांचा फरक, दहा वर्षांत सुमारे २ लाख ६२ हजार. आत्याकडे न जाण्याची ही किंमत. मी ती डोळे उघडे ठेवून दिली. तुमच्या घरी तेवढं अवघडलेपण नसेल, कागद स्वच्छ असतील, तर तारण देऊन स्वस्त कर्ज घ्या. त्यात कमीपणा नाही. फक्त मिळकत पत्रिका किंवा सातबारा आजच काढून बघा कुणाचं नाव आहे. अ‍ॅडमिट आल्यावर वारस नोंदीला धावलात तर व्हिसाची तारीख निघून जाईल.

विनातारण कर्जाचं मंजुरीपत्र मात्र नीट वाचा. माझ्या पत्रात तीन गोष्टी फोनवर न सांगितलेल्या निघाल्या. एक, व्याजदर बदलता होता. दोन, प्रोसेसिंग फीवर १८ टक्के जीएसटी वेगळा. तीन, आयुर्विम्याचा हप्ता कर्जातच मिसळलेला, म्हणजे विम्यावरही दहा वर्षं व्याज. विमा हवाच होता, पण मी वेगळा टर्म प्लॅन दाखवून तो काढायला लावला. बदलत्या दराच्या वैयक्तिक कर्जावर मुदतीआधी फेड केल्यास दंड लावता येत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, तो लक्षात असू द्या. शिकत असतानाही दर महिन्याचं व्याज भरावं लागत होतं: पहिल्या ७ लाखांवर सुमारे ६,७०० रुपये, शेवटच्या सेमिस्टरला तोच आकडा २५ हजारांजवळ. पहिलं वर्ष बाबांच्या पगारातून गेलं. हे मी गणितात धरलं नव्हतं.

डॉलरचंही तसंच. गेलो तेव्हा ८०, दुसऱ्या वर्षाची फी भरताना ८३. २०२५ च्या डिसेंबरात तो ९० च्या वर गेला. माझेच ६० हजार डॉलर त्या दराने ५४ लाख होतात. तेव्हा दहा टक्के जास्तीचे धरूनच मंजुरी मागा. एक बरी बातमी अशी, की एप्रिल २०२५ पासून मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून परदेशी फी पाठवली तर टीसीएस कापला जात नाही. आणि शैक्षणिक कर्जाच्या भरलेल्या व्याजावर आठ वर्षं करसवलत मिळते, रकमेला वरची मर्यादा नाही. पण जुनी कररचना घेतली तरच.

शिष्यवृत्त्यांबद्दल. इथे लोक फार वेळ घालवतात, चुकीच्या ठिकाणी. फुलब्राइट-नेहरूच्या मास्टर्स फेलोशिपवर मी एक अख्खा रविवार घालवला, मग कळलं की त्यांच्या विषयांच्या यादीत आपला विषयच नाही. पढो परदेश योजना जुन्या व्हिडिओंत अजून दाखवतात, ती २०२२-२३ पासून बंद आहे. पीएम विद्यालक्ष्मी देशातल्या संस्थांसाठी आहे. उपयोगाच्या त्या वेगळ्या. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप. केंद्राच्या योजनेत १२५ जागा आणि कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ८ लाख. दोन्हींत विद्यापीठाचं क्यूएस रँकिंग बघतात, म्हणून त्या वर्षीची जाहिरात समोर ठेवून मगच विद्यापीठांची यादी करा. माझा एक रूममेट सरकारी शिष्यवृत्तीवर आला होता. बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबियाला गेले ते बडोद्याच्या सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर, हे तो नेहमी सांगायचा, आणि मग माझ्या हप्त्याचा आकडा विचारून हसायचा.

सगळ्यांसाठी खुल्या असलेल्यांत जे. एन. टाटा एन्डोमेंट, के. सी. महिंद्रा, नरोत्तम सेखसरिया. नाव स्कॉलरशिपचं असलं तरी या मुख्यतः परतफेडीच्या आहेत. पण व्याज एकतर नाही किंवा फार कमी, म्हणून बँकेपेक्षा केव्हाही बऱ्या. टाटांची १८९२ पासून चालू आहे, आणि पहिल्या दोन मानकऱ्यांत कोल्हापूरच्या डॉक्टर कृष्णाबाई केळवकर होत्या. मी मुलाखतीपर्यंत पोचलो, मिळाली नाही. तुम्ही भरा. यांच्या तारखा अ‍ॅडमिट यायच्या आसपासच येऊन जातात, त्यामुळे कॅलेंडरमध्ये आत्ताच टाका.

अर्जाचं थोडक्यात. माझा जीआरई ३१८, सीजीपीए ७.६. म्हणजे काही ग्रेट नाही. तेव्हा परीक्षा पावणेचार तासांची होती, सप्टेंबर २०२३ पासून ती दोन तासांच्या आत आलीय. परीक्षेच्या दिवशीच चार विद्यापीठं निवडली तर त्यांना स्कोअर फुकट जातो, नंतर प्रत्येकाला पैसे पडतात. त्यामुळे यादी परीक्षेआधी तयार हवी. ट्रान्सस्क्रिप्टला कॉलेज आणि विद्यापीठ मिळून दीड-दोन महिने लागू शकतात. शिफारसपत्रासाठी सर म्हणतील, "तूच लिहून आण." नका लिहू. त्यांना एक पान मुद्दे द्या: कुठला प्रोजेक्ट, काय अडलं, काय केलं. तीन पत्रांची भाषा एकसारखी असली की वाचणाऱ्याला लगेच कळतं.

एसओपीचा माझा पहिला मसुदा 'लहानपणापासून मला संगणकाची आवड' असा होता. तोच सीनियर म्हणाला, "फाडून टाक, आणि तुझी फजिती लिही." मग मी लिहिलं: आमच्या टीमने एका कारखान्याला स्टोअरची सिस्टिम बसवून दिली. तीन महिन्यांनी भेट दिली तर स्टोअरकीपर काका आधी वहीत नोंद करत होते आणि संध्याकाळी एकदम सगळं सिस्टिममध्ये टाकत होते. कारण आमच्या स्क्रीनवर एका नोंदीला अकरा क्लिक लागायचे आणि दारात ट्रक उभा असायचा. कोड बरोबर होता, सिस्टिम चुकली होती. ती का चुकली हे मला शिकायचंय. एवढंच. प्रोग्रॅमच्या डायरेक्टरने ओरिएंटेशनला मला त्या काकांबद्दल विचारलं.

व्हिसाची मुलाखत बीकेसीला, तीन मिनिटं. पैसे कोण देणार, हाच कोर्स का, परत येणार का. पैशांचं उत्तर कागदासकट तयार होतं, त्यामुळे बाकी दोन सोपे गेले.

आता जोखीम, कारण ती तुमच्या गणितात हवी. डिग्रीनंतरच्या पहिल्या १२ महिन्यांत एकूण ९० दिवस बेरोजगार राहता येतं, स्टेमच्या मुदतवाढीत दोन्ही मिळून १५०. एच-वन-बीच्या वर्षाला ८५ हजार जागा, माझ्या वेळी निवड लॉटरीने होती. माझं नाव एकदा टाकलं, लागलं नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलरची फी जाहीर झाली. अमेरिकेतच राहून स्टेटस बदलणाऱ्यांना ती नाही असं नंतर स्पष्ट केलं गेलं, पण तोवर बऱ्याच कंपन्यांनी हात आखडता घेतला होता. माझा ले-ऑफ त्याच महिन्यातला. दोन महिने मुलाखती दिल्या आणि परतलो.

माझा हप्ता ३६,५५६ रुपये आहे. डॅलसमध्ये असताना ९ लाख जास्तीचे फेडले, आता साधारण १५ लाख बाकी आहेत. पुण्यातला पगार आता ७५ हजारांपेक्षा बरा आहे, अनुभव आणि डिग्री दोन्हीमुळे. हप्ता एकदाही चुकलेला नाही. माझ्याबरोबर आलेला एक मित्र ७० लाखांच्या कर्जावर आहे, तोही परतलाय. त्याच्या घरी काय चाललंय ते मी इथे सांगणार नाही.

आत्याला हे सगळं माझ्या आईकडून कळलं, मी गेल्यावर चार महिन्यांनी. तिने मला डॅलसला व्हॉट्सअ‍ॅप कॉल केला आणि पाऊण तास झापलं. "मला न विचारता तू ठरवलंस की मला काय अवघड जाईल?" याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं, आजही नाही. गेल्या महिन्यात आम्ही तिघं मिळून वारस नोंदीचा अर्ज देऊन आलो. मिळकत पत्रिकेवर आता बाबांचं आणि आत्याचं, दोघांचं नाव लागेल.

पुढच्या रविवारी आय-ट्वेंटी आणि बँक बॅलन्स सर्टिफिकेटवर बोलू, त्यावरचे प्रश्न शुक्रवारपर्यंत पाठवा. आणि व्हॉइस नोट एक मिनिटाच्या आत ठेवा राव.